शेजारच्या खुर्चीतलं हसू

आमच्या नागपुरात दर जानेवारीत हास्योत्सव भरतो. दहा दिवस मोठमोठी सभागृहं, देशभरातून आलेले विनोदवीर, बाहेर गरम सांबारवडीच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांच्या गाड्या आणि कानटोप्या घातलेली गर्दी. या उत्सवात सगळ्यांत जास्त ऐकला जाणारा आवाज कोणाचा, असं विचारलंत तर लोक कुठल्यातरी गाजलेल्या पोराचं नाव सांगतील. खरं उत्तर मी आहे. हेमा देवघरे, वय सहासष्ट, राहणार प्रतापनगर, पूर्वी शिवणाचे क्लास घेत असे. मी मंचावर कधी चढले नाही. नऊ वर्षांपूर्वी एकदा प्रेक्षकांत बसून हसले, एवढंच माझं कर्तृत्व.

ते हसू आता उत्सवातल्या प्रत्येक खुर्चीत बसवलेलं आहे. त्याच्या बदल्यात मला दरवर्षी दोन पास येतात, कारण तेव्हा आम्ही दोघं होतो. पद्माकरला जाऊन सात वर्षं झाली, पण आयोजकांच्या यंत्रणेला ते कोणी सांगितलेलं नाही. मीही सांगत नाही. डावीकडच्या खुर्चीवर शाल ठेवते, कोणी विचारलं तर "येऊन राहिले" म्हणते, आणि हसवणारा खेळ बघून घरी येते.

खुर्चीचं थोडं सांगायला हवं. घराच्या भिंतीवरच सगळे खेळ दिसायला लागले तेव्हा लोकांची बाहेर पडायची सवय मोडली. जे यायचे ते एकेकटे यायचे. सभागृह भरायचं, पण हशा फुटायचा नाही. शास्त्रज्ञांनी फार आधीपासून मोजून ठेवलंय, की माणूस चारचौघांत जेवढा हसतो त्याहून कितीतरी कमी एकटा असताना हसतो. विनोद तोच असतो, माणूसही तोच. पण शेजारी कोणी नसलं की छातीत उठलेलं हसू घशापर्यंत येतं आणि मुकाट परत जातं. विनोदवीर रडकुंडीला आले होते. उत्सव बंद करायच्या गोष्टी चालल्या होत्या.

तेव्हा ही खुर्ची आली. तिचं नाव 'सोबत'. तिच्या पाठीला दोन्ही बाजूंनी पंख आहेत, त्यांना लोक खुर्चीचे कान म्हणतात. तुम्ही बसलात की ते तुमच्या कानांशी येतात. पाठीतली पट्टी तुमच्या बरगड्या आणि श्वास बघते. मंचावरचा माणूस काय बोलतोय ते यंत्र ऐकत असतं, आणि त्या माणसाने आधी दिलेली संहिता यंत्राकडे असते, त्यामुळे विनोद कुठे फुटणार हे यंत्राला किंचित आधी कळतं. त्या क्षणाच्या अगदी जरासं आधी तुमच्या डाव्या कानात, शेजारून यावं तसं, एक बाई हसते. तुम्हाला वाटतं, शेजारी कोणीतरी आहे आणि तिला गंमत कळली. तुमचा घसा आपोआप सुटतो.

ती बाई म्हणजे मी.

टीव्हीवर पूर्वी डबाबंद हसू लावत, त्यात आणि यात फरक आहे. ओढून आणलेलं हसू आपण बोलतो त्याच वाटेने येतं, श्वासाला धरून, मापात. खरं हसू मेंदूच्या फार जुन्या भागातून येतं. माकडं गुदगुल्या केल्यावर हसतात तेही तिथूनच. ते सुरू झालं की श्वास आपल्या हातात राहत नाही, आवाज नको तेवढा वर चढतो, आणि शेवटी हवा आत ओढताना कुत्र्याच्या पिल्लासारखं काहीतरी निघतं. ऐकणाऱ्याचा कान हा फरक कोणी न शिकवता ओळखतो. खुर्ची बनवणाऱ्यांनी नऊ वर्षांपूर्वीच्या त्या उत्सवात चाचणीसाठी सगळ्या खुर्च्यांच्या हातांत माइक बसवले होते. हजारो हसणी तपासून त्यांनी माझं निवडलं. का, तर त्या संध्याकाळी सगळं सभागृह गप्प होतं, मी एकटी हसले, आणि माझ्या मागोमाग सगळे जे सुटले ते थांबेचनात. असं पेटवणारं हसू त्यांना दुसरं सापडलं नाही.

आता गंमत बघा. शेजारी कोणीतरी असल्याचं खुर्चीतच मिळायला लागल्यावर लोकांनी शेजारी माणूस आणणं बंदच केलं. आयोजकांनीही खुर्च्यांमध्ये अंतर वाढवलं. आणि ऐकून ऐकून पोरींना माझं हसू लागलं. गेल्या वर्षी गोकुळपेठेच्या बाजारात मी संत्री निवडत होते तेव्हा मागे मीच हसले. तेच वर चढणं, शेवटी तेच पिल्लू. वळून बघितलं तर वीस-बावीस वर्षांची एक मुलगी फोनवर कोणाशी तरी बोलत होती. मला आधी भीती वाटली, मग राग आला. ती निघून गेल्यावर मात्र फार एकटं वाटलं. माझ्यापाशी ते हसू उरलं नव्हतं आणि गावभर फिरत होतं.

खरं दुखणं वेगळंच होतं. मी हसले ते मला आठवत होतं. कशाला हसले ते आठवत नव्हतं.

मंचावर एक नवखं पोरगं होतं, एवढं आठवतं. ते बोलता बोलता अडलं. पद्माकर माझ्या कानाशी झुकला आणि काहीतरी म्हणाला. त्यावर मी हसले. काय म्हणाला ते मात्र गेलं. तो जिवंत होता तोवर विचारायचं सुचलं नाही, कारण तो सदा कानाशी काहीतरी म्हणतच असायचा. त्यातलं एक वाक्य पुढे सांभाळून ठेवावं लागेल हे कोणाला माहीत असतं?

पद्माकर बँकेत होता, पण तो त्याचा खरा धंदा नव्हे. तो प्रॉम्प्टर होता. राज्य नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या आमच्याकडच्या सगळ्या हौशी संस्था त्याला बोलवायच्या. मी कपडे शिवायला जायची, तिथेच आमची ओळख झाली. विंगेत बसून तो नटाच्या छातीकडे बघायचा. श्वास अडला की वाक्याचा पहिला शब्द द्यायचा, असा की पहिल्या रांगेलाही कळू नये. नट अगदीच कोरा झाला तर त्याच्याकडे एक राखीव वाक्य होतं, "चहा घेणार?" नाटक कोणतंही असो, चहा विचारता येतो आणि तेवढ्यात पुढचं आठवतं, असं त्याचं म्हणणं. एका ऐतिहासिक नाटकात गडाला वेढा पडलेला असताना किल्लेदाराने शत्रूच्या वकिलाला चहा विचारला, तो याच्याचमुळे. आमचं भांडण अडलं, दोन-दोन दिवस बोलणं बंद झालं, की स्वयंपाकघराच्या दाराआडून प्रॉम्प्टिंगच्या त्याच आवाजात माझं वाक्य मला यायचं, "चहा घेणार?" मग मला ते म्हणावंच लागायचं.

म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की त्या संध्याकाळीही चहाच असणार. पण खात्री नव्हती. रात्री अंथरुणावर पडले की ते खात्री नसणं माझ्या उशाशी बसायचं.

यंदा उत्सवाच्या आधी मृण्मयी वासनिक माझ्या घरी आली. खुर्च्यांच्या आवाजाचं सगळं काम हीच बघते. हुशार आहे, बोलताना समोरच्याकडे बघते, जे हल्ली फारसं कोणी करत नाही. मी तिला तिळाची वडी दिली. तिने ती हातातच धरून ठेवली.

"काकू, वाईट वाटून घेऊ नका. तुमचं हसू जुनं होऊन राहिलं."

"मी पण होऊन राहिली. त्याचं काय?"

"तसं नाही न. लोकांच्या कानाला सवय झाली. आधी दहातले नऊ हसायचे, आता निम्मे पण नाही. ह्या उत्सवानंतर ते काढून टाकणार आहेत. बनवलेलं हसू आणतील, नाहीतर दुसऱ्या कोणाचं. मी म्हटलं, आधी काकूंना विचारते. तुम्ही एकदा नव्याने हसून द्याल का?"

मी म्हटलं, हसायला काय लागतं.

बरंच लागतं. तिच्या प्रयोगशाळेतल्या खुर्चीत मी अख्खी दुपार बसले. तिने उत्तमोत्तम विनोद ऐकवले, फजितीच्या चित्रफिती दाखवल्या. मी हसले, चांगली खळखळून हसले. पाठीतल्या पट्टीकडून समोरच्या पडद्यावर येणारी रेघ सरळच राहिली. मृण्मयीने पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला. मीच विचारलं, "खोटं आहे का?"

"सभ्य आहे," ती म्हणाली.

सात वर्षं मी सभ्यच हसत होते, म्हणजे. वाण्याकडे, लग्नांत, फोनवर. कोणाला कळलं नव्हतं, त्या पट्टीला कळलं.

मी उठून पदर सारखा केला. ती म्हणाली, "काकू, आणखी एक आहे. सांगू की नको कळून नाही राहिलं. जुनं सगळं पुसायचं म्हणून मी त्या वर्षीचा साठा उघडला. तुमच्या रेकॉर्डिंगमधून बाजूच्या लोकांचे आवाज तेव्हाच काढून टाकले होते, तो नियमच आहे. पण तुमच्या डावीकडच्या खुर्चीचा माइक वेगळा होता. तो आवाज तसाच पडून आहे."

मी परत खाली बसले.

"मी ऐकलं नाही," ती घाईने म्हणाली. "गेलेल्या माणसाचा आवाज आहे. घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय ऐकता येत नाही. तुम्हीच आहात घरच्या."

मला ते हवं होतं. फार हवं होतं. आणि तेवढंच नको होतं. कारण ऐकलं, आणि हसू आलं नाही, तर? मग पद्माकरबरोबरचा तो एक क्षणही माझ्या हातचा जाणार होता. न आठवणारी गोष्ट निदान मोठी तरी वाटते. मी चार दिवस मागून घेतले आणि त्या चार दिवसांत एकही काम धड केलं नाही.

पाचव्या दिवशी मी मृण्मयीला सांगितलं, लाव.

सभागृह रिकामं होतं, दुपारची वेळ. तिने मला नऊ वर्षांपूर्वी बसले होते त्याच जागी बसवलं, खुर्चीचे कान माझ्या कानांशी आणले आणि स्वतः दूर जाऊन उभी राहिली. आधी नुसती खरखर आली. मग श्वास. डाव्या बाजूला पद्माकर श्वास घेत होता. त्याच्या तोंडात वेलदोडा होता, तो दाढेखाली फुटल्याचं कळलं. मी डोळे मिटले. मंचावरून त्या पोराचा आवाज येत होता, येता येता थांबला. शांतता. कोणीतरी खोकलं. पद्माकरचा श्वास अडला. विंगेत नट अडला की अडायचा, तसाच. मग तो झुकल्याचा कपड्यांचा आवाज आला, आणि त्याची कुजबुज.

"हेमा, तू हस ना वं. पोट्टं मरून राहिलं तिथं."

संपलं.

मी थांबून राहिले, अजून काहीतरी येईल म्हणून. आलं ते माझं हसू, लांबून, शेजारच्या खुर्चीवरून ऐकू येतं तसं.

"काय म्हणाले काका?" मृण्मयीने विचारलं. मी सांगितलं. आणि मग मला जो संताप आला तो मी त्या पोरीवर काढला. "विनोदच नव्हता! ऐकून राहिली का तू? सात वर्षं मी तो शोधून राहिली, आणि तो नव्हताच! त्याने सांगितलं हस, मी हसली. खोटं! सगळ्या गावाला तुम्ही खोटं हसू विकलं!"

मृण्मयी सोबत आणलेल्या छोट्या पडद्यापाशी गेली. बराच वेळ रेघा मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली, "काकू, इकडे या न जरा."

माझ्या हसण्याच्या सुरुवातीचा एक तुकडा त्यांनी तेव्हा कापून टाकला होता, खराब आहे म्हणून. तो तिने परत जोडला होता. पहिले दोन ठोके अगदी मापातले, ओढून आणलेले. प्रयोगशाळेतल्यासारखे सभ्य. तिसऱ्यापासून रेघ वेडीवाकडी झाली होती आणि वर गेली होती.

"सुरुवात तुम्ही केली," ती म्हणाली. "पुढचं तुमच्या हातात नव्हतं. आम्हाला वाटायचं खरं हसू सुरुवातीपासूनच खरं असतं. हे तर धक्का मारून स्कूटर सुरू करावी तसं आहे."

मला तिच्या शास्त्रात त्या वेळी रस नव्हता. मी घरी आले आणि कितीतरी वर्षांनी रडले. पद्माकरने मला काहीतरी सुंदर सांगून ठेवलं असेल, अशी माझी समजूत होती. त्याने मला काम सांगून ठेवलं होतं.

मी मृण्मयीला नवं हसू देऊ शकले नाही. तसं तिला कळवून टाकलं.

उत्सवाच्या शेवटच्या संध्याकाळी मी जाणार नव्हते. पण माझं हसू त्या दिवशी शेवटचं वाजणार होतं, आणि कोणाला तरी पोचवायला जावं तशी मी गेले. डावीकडच्या खुर्चीवर शाल ठेवली. खेळ सुरू व्हायच्या बेतात एक पन्नाशीचे गृहस्थ आले, अंगात स्वेटर, डोक्यावर कानटोपी, हातात पास. त्यांची खुर्ची बिघडली होती, म्हणून दुसरी शोधत होते.

"इथे कोणी आहे का?"

"येऊन राहिले" अगदी ओठांवर आलं होतं. मी शाल उचलून मांडीवर घेतली. "नाही," म्हटलं. "बसा."

ते बसले, खुर्चीचे कान ओढून घेतले आणि दिसेनासे झाले.

पहिले दोघे विनोदवीर तयारीचे होते. माझं हसू वेळेवर वाजत होतं, डाव्या कानात मीच मला हसून दाखवत होते, आणि आजूबाजूला थोडे लोक हसत होते, थोडे नुसते बसले होते. मग एक मुलगी आली. भंडाऱ्याची आहे म्हणाली, पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या मंचावर. तिने आजोळच्या म्हशीची गोष्ट सुरू केली, चांगली रंगवत नेली, आणि मध्येच थांबली.

आधी वाटलं, मुद्दाम थांबली. मग तिने माइक या हातातून त्या हातात घेतला, आणि मला कळलं. ती कोरी झाली होती. तिचा श्वास वर अडकला होता, खांद्यांपाशी, शेवटच्या रांगेतूनही दिसावा असा. यंत्राला काही कळेना. संहितेतलं वाक्य येत नाही, म्हणून विनोद येत नाही, म्हणून हसू नाही. डावा कान गप्प. शेकडो माणसं आपापल्या खुर्चीत, आपापल्या कानांच्या आड, एकेकटी बसून तिला बुडताना बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे… ती म्हैस…" आणि तिचे डोळे भरले.

माझ्या डाव्या बाजूला कोणी कुजबुजलं नाही. कुजबुजणार नव्हतंच.

मी खुर्चीचे कान मागे ढकलले आणि हसले.

पहिला ठोका अगदी भिकार होता. दुसरा त्याहून वाईट. सगळं सभागृह चिडीचूप आणि त्यात एक म्हातारी खोटं हसतेय. चार डोकी वळली. तिसरा ठोका निघेना. प्रयोगशाळेत निघाला नव्हता तसाच. त्या वेळी तो कसा निघाला असेल ते मला एकदम कळलं. मी हसले ती पद्माकर माझ्याकडे बघत होता म्हणून. ते पोरगं वाचावं म्हणून मी कच्च्या नटासारखी खोटं खोटं हसत होते, तो विंगेतल्यासारखा ते करवून घेत होता, आणि दोघांनाही ते माहीत होतं. गंमत तीच होती.

त्याला दोन माणसं लागतात.

मी हात लांब करून शेजारच्या खुर्चीचा उजवा कान धरला आणि मागे ओढला. ते गृहस्थ दचकले. एवढ्या जवळून कोणी त्यांच्याशी बोलून किती दिवस झाले असतील कोण जाणे. मी झुकले आणि पद्माकर विंगेतून बोलायचा त्या आवाजात म्हणाले, "भाऊ, तुम्ही हसा ना. पोट्टी मरून राहिली तिथं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मंचावर बघितलं. परत माझ्याकडे. मग घसा साफ करून, शाळेत हजेरी देतात तसं, ते म्हणाले, "हा. हा. हा."

इतकं वाईट हसू मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्या पोटातून काहीतरी सुटलं, ते थेट वर गेलं आणि शेवटी पिल्लू निघालं. ते ऐकून त्यांना सुटलं. त्यांचं हसू घोगरं होतं, मध्येच शिटीसारखं वाजणारं, आणि कानटोपीचा गोंडा त्याबरोबर हलत होता. पुढच्या रांगेत कोणीतरी आपले कान मागे ढकलले. मग आणखी कोणी. मंचावरच्या मुलीने डोळे पुसले आणि म्हणाली, "तुम्ही लोक म्हशीला हसून राहिले की मला?" आणि मग मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

मृण्मयी मागून कुठूनतरी बघत होती म्हणे. पाठीतली पट्टी काय म्हणाली ते मी तिला विचारलं नाही. मी डावीकडे कान लावून होते. इतक्या वर्षांनी माझ्या शेजारी कोणीतरी दुसरं हसत होतं.